तबकड्या घेऊन लॅमिंग्टन रोडवर

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे वाचकांस हिमालयाची शिखरे, रामेश्वरचा समुद्र, निदान महाबळेश्वरचा एखादा कडा तरी अपेक्षित असतो. आमचा हा प्रवास त्या जातीचा नव्हे. गिरगावातील प्रार्थना समाजाच्या नाक्यापासून ग्रँट रोड स्थानकापर्यंतचा, फार तर मैल-सव्वा मैलाचा, आणि तोही पायी. भाचीच्या केळवणासाठी पुण्याहून मुंबईस जाणे होतेच. तेवढ्यात नातवाचे एक काम करून यावे, इतकाच हेतू. काम क्षुल्लक दिसले तरी त्यात आमची स्वतःची एक जुनी चूक गुंतलेली होती.

गोष्ट अशी. गेल्या आश्विनात दिवाळीपूर्वीची झाडलोट चालली असता आमच्या दहा वर्षांच्या नातवास माळ्यावर एक लोखंडी पेटी सापडली. पेटीत जुने कंपासबॉक्स, फळ्यावर वापरावयाचे लाकडी गुण्ये, मुलांकडून जप्त केलेली कर्कटके, आणि या साऱ्या पसाऱ्याच्या तळाशी दोन तबकड्या. व्हिडिओ गेमच्या. त्यांचा इतिहास आम्हांस ठाऊक होता. किंबहुना तो आम्हीच घडविला होता. २००६ साली, चिरंजीव दहावीस असता, पूर्वपरीक्षेत गणिताचे गुण घसरले. त्या रात्री आम्ही त्याच्या 'प्लेस्टेशन टू' नामक यंत्राच्या तबकड्या उचलल्या. डबे त्याच्याकडेच राहिले. तबकड्या तेवढ्या उघड्याच शाळेच्या सामानात टाकल्या. चकाकणारी बाजू जपली पाहिजे एवढी समज आम्हांस होती, म्हणून ती वर केली व चित्राची बाजू खाली. परीक्षा संपताच परत देऊ, असे वचनही दिले होते. परीक्षा झाली, निकाल लागला, चिरंजीव अभियांत्रिकीस गेले, नोकरीनिमित्त बंगळूरास गेले, त्यांचे लग्न झाले. पेटीने दोनदा घर बदलले आणि हमालांच्या डोक्यावरून ती हिंदकळत गेली. वचन मात्र पेटीतच राहिले.

यंत्र सौ.ने जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवले होते. आईबरोबर सुटीस आलेल्या नातवाने ते खटपट करून दूरदर्शन संचास जोडले. यंत्र सुरू झाले. परंतु दोन्ही तबकड्यांपैकी एकही ते वाचीना. एकीवर क्रिकेटचा खेळ होता, 'क्रिकेट २००५' नावाचा. दुसरी खालून निळसर, तीवर मोटारींच्या शर्यती. नातवाने त्या उजेडात तिरप्या धरल्या आणि म्हणाला, "आजोबा, यांच्यावर केवढे ओरखडे आहेत!"

ओरखडे कोणाचे, हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. उलट पापक्षालनाच्या घाईने आम्ही दुसरे पाप जोडले. देवाची तांब्या-पितळेची उपकरणी ज्या पुडीने उजळतात ती चिमूटभर घेऊन, ताम्हण घासावे तशी ती निळी तबकडी आम्ही गोल गोल घासली. ताम्हण लखलखते, तबकडी धुरकट झाली. पितळेस जी पूड मऊ, ती या पारदर्शक प्लास्टिकास वाळूच होय, हे आमच्या लक्षात उशिरा आले. पुण्यात तपकीर गल्लीतील दोन-तीन दुकाने पालथी घातली. आता हे काम कोण करतो, असे म्हणून एकाने हात झटकले, दुसरा नुसताच हसला, तिसऱ्याने मात्र लॅमिंग्टन रोडचे नाव सांगितले. ही वार्ता कळताच शेजारच्या मुलाने आपलीही एक तबकडी आमच्या पिशवीत टाकली. येणेप्रमाणे तीन रुग्ण आणि एक नातू बरोबर घेऊन आम्ही गिरगावातून निघालो.

प्रार्थना समाजाहून वर आले की रॉयल ऑपेरा हाउसची दगडी इमारत लागते. पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली आले तेव्हाची ही वास्तू. मध्यंतरी बरीच वर्षे बंद राहून २०१६ साली ती पुन्हा उघडली. तेथून उत्तरेस लागणाऱ्या रस्त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. परंतु रिक्तहस्ते परतलेल्या गिऱ्हाइकापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सर्वांच्या तोंडी अद्याप लॅमिंग्टन हेच नाव. हे लॅमिंग्टनसाहेब १९०३ ते १९०७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. पुढे १९४० साली लंडनमधील कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगाने ओडवायरवर गोळ्या झाडल्या, त्या प्रसंगी हेच गृहस्थ जखमी झाले. नातवास ही हकीकत फार आवडली. त्यामानाने, याच रस्त्यावरील मिनर्व्हा चित्रपटगृहात १९७५ सालचा 'शोले' पाच वर्षे ठाण मांडून होता, ही आमची दुसरी हकीकत त्यास कमी रुचली. मिनर्व्हा आता उरलेले नाही.

रस्ता म्हणजे विजेच्या वस्तूंचा अखंड बाजार. तारांची भेंडोळी, संगणकाचे सुटे भाग, कॅमेरे, बॅटऱ्या. फुटपाथवर टेबले मांडून बसलेले कारागीर, आणि डाग देताना उठणारा राळेचा वास. पूर्वी दारोदार फिरणाऱ्या कल्हईवाल्याच्या भात्यापाशी कथिलाचा असाच काहीसा वास येई. कल्हईची आठवण आम्हांस सहज झाली खरी, परंतु तिनेच आमची दिशाभूल केली. कल्हई म्हणजे भांड्यावर काही तरी चढविणे. या तबकड्यांचेही तसेच असेल, ओरखड्यात काही तरी भरत असतील, अशी आमची समजूत होती.

पहिल्या दुकानातील तरुण मोठा उत्साही. "काका, पाच मिनिटांत नवी करून देतो, बघा." त्याच्याजवळ डब्याएवढे एक यंत्र होते. आमच्यापुढील गिऱ्हाइकाची तबकडी त्याने त्यात बसविली, घर्र घर्र आवाज झाला, आणि आरशासारखी चकाकणारी तबकडी बाहेर आली. आम्ही पिशवीत हात घातलाही होता. इतक्यात नातवाने विचारले, "दादा, अशी किती वेळा घासता येते?"

"कितीही!" तो म्हणाला.

मास्तरकीत आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत: ज्या विद्यार्थ्याचे उत्तर 'कितीही', 'कधीही', 'सगळेच' असे येते त्याचा पाठ झालेला नसतो. त्या गिऱ्हाइकाची तबकडी आम्ही उजेडात पाहिली. ओरखडे गेले होते खरे. पण त्यांच्या जागी पाण्यात खडा टाकावा तशी बारीक वलये उमटली होती. नातवाचा हात धरून आम्ही पुढे झालो.

दुसरा कारागीर एका बोळात, जिन्याखालच्या खोपटात बसला होता. वय आमच्याइतकेच, बोलणे कच्छी वळणाचे मराठी. त्याने तबकड्या हातात घेण्यापूर्वी यंत्राविषयी विचारले. "मशीन दुसरी कुठली डिस्क वाचते का? लेन्सवर धूळ असली तरी हीच तक्रार येते. लोक मशीन साफ करत नाहीत आणि चांगली डिस्क घासून आणतात." आम्ही गोंधळलो, परंतु नातवाने शेजाऱ्यांकडील एक सिनेमाची डीव्हीडी घालून पाहिली होती व ती चालली होती. "हुशार आहे," कारागीर म्हणाला. मग त्याने क्रिकेटची तबकडी ट्यूबलाइटखाली धरली आणि बराच वेळ तिला कलती करीत राहिला.

"मास्तर," आम्ही शिक्षक हे त्यास कसे कळले कोण जाणे, "हे चरे मशीनचे नाहीत. मशीनमध्ये चरा पडला तर गोल पडतो, डिस्क फिरत असते म्हणून. हे आडवेतिडवे आहेत. आणि हे टिंब पाहा. हे टोकदार वस्तूचं आहे. कंपासचं वगैरे."

नातू आमच्याकडे पाहू लागला. पेटी त्यानेच उघडली होती. त्यास सांगण्याची गरज नव्हती. तरीही आम्ही सांगितले, की तुझ्या वडिलांच्या तबकड्या आम्ही काढून घेतल्या, कर्कटकांत टाकल्या आणि परत दिल्या नाहीत. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "पण बाबांना माहीत आहे ना?" आम्ही होय म्हटले. कारागिराने या वेळी मान खाली घालून स्क्रू शोधण्याचे निमित्त केले, हा त्याचा सभ्यपणा आम्ही विसरणार नाही.

त्याने आम्हांस जे समजाविले ते आमच्या भाषेत मांडतो. तिन्ही तबकड्या दिसावयास सारख्या, बारा सेंटिमीटर व्यासाच्या व सव्वा मिलिमीटरहून किंचित पातळ. परंतु मजकूर ठेवण्याची जागा तिन्हींत निरनिराळी. जुन्या सीडीत मजकुराचा चांदीसारखा पापुद्रा अगदी वर, चित्राच्या लगत असतो; त्यावर लाखेसारखा पातळ लेप आणि त्यावर चित्र. खालून यंत्राचा किरण बाराशे मायक्रॉन, म्हणजे १.२ मिलिमीटर, प्लास्टिकातून वर जाऊन तो वाचतो. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटविलेल्या; मजकूर मधोमध. आणि ब्ल्यू-रे म्हणून जी नवी जात आहे तीत मजकूर खालच्या पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर, वर एक कठीण लेप चढविलेला.

दुरुस्तीत ओरखडा भरत नाहीत. ओरखड्याभोवतालचे प्लास्टिकच त्याच्या तळापर्यंत तासून काढतात. कल्हईचा दृष्टान्त येथे लागू नाही. पाट्यास टाकी लावण्याचा लागू आहे. टाकी लावली की पाटा धारदार होतो, पण तितका झिजलेलाही असतो. एका वेळी केसाच्या जाडीचा काही अंशच जात असेल, तरी गेलेले परत येत नाही. घर्षणाने प्लास्टिक तापले तर ते किंचित वाकते. एका बाजूस अधिक व दुसऱ्या बाजूस कमी तासले गेले तर मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरताना तबकडी डगमगते आणि किरणाचा नेम चुकतो. पाणी वा पूड नीट पुसली नाही तर ती यंत्रात उडून भिंगावर बसते. मग एका तबकडीपायी सर्वच तबकड्या बंद. मधल्या भोकाशी तडा असेल तर तिला हात लावावयाचाच नाही. तडा वाढून तबकडी यंत्रात फुटू शकते.

मग इतके ओरखडे असूनही तबकड्या वर्षानुवर्षे चालतात कशा, हा प्रश्न आम्ही विचारला. याचे एक कारण किरणात आहे. सीडीच्या खालच्या पृष्ठावर तो पाऊण मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि आत शिरता शिरता निमुळता होत मजकुरापाशी सुईच्या टोकाहून कितीतरी बारीक होतो. म्हणून पृष्ठावरचा बारीकसा कण त्यास दिसतच नाही, चष्म्यावरचा धूलिकण आपणांस दिसत नाही तसा. दुसरे कारण ऐकून मात्र आम्ही चकित झालो. रीड आणि सॉलोमन या दोघा गणितज्ञांनी १९६० साली एक पद्धत मांडली. तीनुसार मजकुराबरोबर काही ताळ्याची अक्षरे लिहितात आणि शेजारची अक्षरे मुद्दाम दूरदूर पसरून ठेवतात. मधला एखादा तुकडा गेला तरी उरलेल्यांवरून गेलेले अक्षर गणिताने काढता येते. सीडीवर रेषेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा नाहीसा झाला तरी हे यंत्र तो भरून काढते.

वाचकहो, हे ऐकताच आमच्या डोळ्यांपुढे आमच्या गुरुजींची पडवी उभी राहिली. संहितेचे शब्द सुटे करून पदपाठ. दोन दोन शब्दांचा साखळीने क्रमपाठ. मग जटापाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा. आणि घनपाठात तीन तीन पदांची उलटसुलट गुंफण. लहानपणी आम्हांस हा निव्वळ छळ वाटे. परंतु एकाच शब्दास इतक्या शेजाऱ्यांच्या संगतीत म्हटले म्हणजे कोठे एक स्वर जरी घसरला तरी शेजारी साक्ष देतात. कागद नसताना वेद शेकडो पिढ्या टिकले ते या युक्तीवर. दोन्हींचे गणित एकच आहे असा आमचा दावा नाही. पण पाठ विसरणार हे गृहीत धरूनच पाठाची रचना करावी, ही बुद्धी दोहींकडे सारखी दिसते. आम्ही कारागिरास हे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाला, "मग तुम्हाला समजेल, गोल चरा वाईट का. आडवा चरा प्रत्येक फेऱ्यात जरासं खातो, ते मशीन भरून काढतं. गोल चरा एकाच ओळीवरून चालत जातो, सगळे शेजारी एकदम मेले. म्हणून पुसायची ती मधून बाहेर, सरळ. गोल कधी पुसायची नाही." आमचे ताम्हण आठवून आम्ही काही बोललो नाही.

आता निवाडा. शेजारच्या मुलाची ब्ल्यू-रे त्याने पाहताच परत दिली. "याला मी हात लावत नाही. मऊ फडक्यानं पुसा, तेवढंच. घासली की वरचा कडक लेप गेला, आणि खाली जागा आहे कुठे?" निळी तबकडी सीडीच्या जातीची. आमच्या पुडीने आलेला धुरकटपणा निघण्याजोगा होता. परंतु त्याने ती उलटी केली आणि दिव्यासमोर धरून नातवास जवळ बोलाविले. चित्राच्या बाजूने एक चीर आत गेली होती आणि तीतून सुईच्या अग्राएवढा उजेड आरपार येत होता. तेथला पापुद्राच गेला होता. जी बाजू निर्धोक समजून आम्ही वीस वर्षांपूर्वी कर्कटकांवर टेकविली, तीच खरी नाजूक बाजू. "इथे अक्षरच नाही मास्तर. खालून कितीही घासलं तरी नसलेलं कसं वाचणार?" त्याने ती घासण्याचे पैसेही नाकारले.

क्रिकेटची मात्र डीव्हीडी. मजकूर दोन चकत्यांच्या मध्ये, म्हणून कर्कटकाचे टिंब चित्राच्या बाजूस असूनही तेथवर पोचले नव्हते. खालचे चरे उथळ होते. "एकदा हलकं करतो. सगळे चरे काढणार नाही, वाचण्यापुरतं. पुन्हा कुणी घासायला सांगितलं तर देऊ नका." आम्ही होकार दिला, पण तबकडी यंत्रात बसली तेव्हा आमचा जीव खालीवर होत होता. बारीक धारेने पाणी पडत होते, चकती संथ फिरत होती, आणि थोड्या थोड्या वेळाने तो थांबवून बोटाने ऊब पाही. पहिल्या दुकानातले घर्र घर्र येथे नव्हते. दहा-बारा मिनिटांनी त्याने ती काढली, धुतली, सुती फडक्याने मधून कडेकडे टिपली आणि कोरडी होण्यास उभी ठेवली. दोन चरे अजून दिसत होते. त्याने आपल्या जुन्या यंत्रात ती घातली. क्षणभर काही नाही, मग पडद्यावर हिरवे मैदान उमटले. नातवाने टाळी वाजविली. आम्ही दिलेल्या शंभराच्या नोटेतून त्याने वीस रुपये परत केले आणि तीन कागदी पाकिटे फुकट दिली. हा धंदा आता किती दिवस, असे विचारता तो म्हणाला, "नवीन मशीनला डिस्क घालायची फटच नसते काहींना. जुन्या डिस्क आहेत तोवर." पाकिटांवर त्याने पेन्सिलीने काही लिहिले नाही, लिहिण्याचा दाबही उमटतो म्हणे.

ग्रँट रोड स्थानकाजवळ इराण्याकडे चहा व ब्रून मस्का झाला. नातू पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. ती टेबलावर ठेवू देईना. डेक्कन क्वीनमध्येही ती त्याच्या उशाशी होती.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री चिरंजीव आले. फराळ होताच नातवाने त्यांस क्रिकेटच्या पडद्यापुढे बसविले. खेळ एका ठिकाणी अडखळे, किंचित थांबे, आणि पुढे जाई. बहुधा त्या उरलेल्या दोन चऱ्यांपाशी. रात्री सर्व निजल्यावर आम्ही निळी तबकडी त्यांच्या हाती दिली व ही परत देण्यास उशीर झाला एवढे म्हटले. त्यांनी ती दिव्यासमोर धरली, तो उजेडाचा ठिपका पाहिला, आणि हसले. मग आपल्या जुन्या कपाटातून तिचा मूळ डबा शोधून आणला आणि तबकडी त्यात बसवून डबा बंगळूरास न्यावयाच्या पेटीत ठेवला.